किती दिवस आत होतात?

दरवर्षी जून संपत आला की आपल्याकडे एक ठरलेलं भांडण सुरू होतं. २५ जूनला एका बाजूला आणीबाणीतल्या बंदींचे सत्कार, शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, आणि दुसऱ्या बाजूला त्याच फोटोखाली 'पेन्शनखोर', 'माफीवीर', 'तेव्हा जेलमध्ये पत्ते कुटत होते, आता आमच्या टॅक्सवर जगतायत' वगैरे. या भांडणाला तेल मिळतं ते मानधनाचं. २०१८ साली फडणवीस सरकारने ठरवलं की आणीबाणीत महिन्यापेक्षा जास्त दिवस तुरुंगात होता त्याला महिना १० हजार, त्याहून कमी असेल तर ५ हजार. २०२० मध्ये महाविकास आघाडीने ते बंद केलं. २०२२ मध्ये सरकार पडलं, नवं आलं, त्यांनी परत सुरू केलं, आणि २०२५ च्या जूनमध्ये रक्कम दुप्पट झाली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी एखादा माणूस लोकशाहीसाठी तुरुंगात गेला होता की नाही हे आज मंत्रालयात कोण बसलंय त्यावर ठरतं, नळाला पाणी यावं तसं. आणि आपण सगळे नळ चालू असावा का बंद यावर वाद घालतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कोणीतरी विचारणारच की तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे. मानधन द्या, माझी काही तक्रार नाही, सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या औषधपाण्याला लागेल. पण तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाची आठवण ही साक्ष असते आणि आपण तिचं मेडल करून टाकलंय. मेडल छातीवर लावायचं असतं, त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. साक्ष पूर्ण घ्यावी लागते, अडचणीच्या भागासकट आणि उलटतपासणीसकट, आणि साक्षीदाराने स्वतः काय सोसलं यापेक्षा त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचं काय झालं ते कित्येकदा जास्त मोलाचं असतं. ती साक्ष ना शाल देणाऱ्यांनी नीट घेतली, ना शिव्या देणाऱ्यांनी मागितली.

आमच्या नात्यातले एक काका आहेत, ऐंशीच्या पुढचे. आणीबाणीत चौदा महिने येरवड्याला स्थानबद्ध होते. लहानपणापासून आम्ही त्यांच्या तुरुंगाच्या गोष्टी ऐकल्या आणि त्या सगळ्या धमाल होत्या. व्हॉलीबॉलची टुर्नामेंट, एकाच पंगतीत बसलेले संघवाले आणि समाजवादी, आणि त्यांची कांदा खावा की न खावा यावरून झालेली जुंपाजुंपी, जमाते इस्लामीचे मौलवी आणि शाखेवरचे शिक्षक एकाच बराकीत राहून एकमेकांच्या वेळा सांभाळायला कसे शिकले (दोन्ही संघटनांवर बंदी एकाच दिवशी आली होती, ४ जुलै १९७५), जेलचा तो चिकट उपमा. हसून हसून पुरेवाट व्हायची. त्यामुळे 'तुरुंगात पिकनिक होती' असं जेव्हा कोणी लिहितो तेव्हा मला लगेच राग येत नाही, कारण ही पिकनिक त्याला सांगितली कोणी? यांनीच सांगितली. मराठीत आणीबाणीच्या तुरुंगावर जे काही लिहिलं-बोललं गेलं त्यात निम्म्याहून जास्त मजा आहे.

आणि हा आक्षेप तसा खराही आहे. येरवडा, नाशिक रोड, ठाणे इथल्या राजकीय बराकींमध्ये सरसकट मारहाण होत नव्हती, पुस्तकं मिळायची, वर्ग चालायचे, मुलाखतीला घरचे यायचे. स्वातंत्र्यलढ्यातल्या अंदमानच्या कोलूशी याची बरोबरी करणं हास्यास्पद आहे, ज्यांनी केली त्यांनी स्वतःचंच हसं करून घेतलं. पण मग प्रश्न असा की मारलं नाही म्हणजे हिंसा नव्हती का? मिसा, म्हणजे ज्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली ही माणसं आत टाकली, तो काय होता ते एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. आरोप सांगायचा नाही, खटला चालवायचा नाही, सुटकेची तारीख नाही. खून केलेल्या पक्क्या कैद्यालाही आपली तारीख माहीत असते, तो भिंतीवर रेघा मारू शकतो, स्थानबद्ध माणसाने रेघा मारायच्या कशाला? आणि २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की आणीबाणी चालू असेपर्यंत अशा माणसाला कोर्टात दादच मागता येणार नाही. त्या सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना थेट विचारलं होतं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरी काही उपाय नाही का, आणि उत्तर आलं होतं की आणीबाणी आहे तोवर नाही. हे सरकारचं अधिकृत म्हणणं होतं, भर कोर्टात. बाहेर व्हॉलीबॉल चाललेला असताना आतल्या माणसाची कायद्यातली किंमत ही एवढी होती. त्या चार जणांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, ते पुढे सरन्यायाधीश झाले, विरोधात एकटे निकाल देणाऱ्या खन्नांना मात्र डावलण्यात आलं. हा निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट लिहायला २०१७ साल उजाडलं आणि ते लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचेच चिरंजीव होते. एकेचाळीस वर्षं. कोर्टाला स्वतःची आठवण दुरुस्त करायला एवढा वेळ लागतो तर काकांनी पन्नास वर्षं उपम्यावर काढली यात नवल काय.

माझं असं मत झालंय की मराठी मध्यमवर्गीय पुरुषाला भीती सांगता येत नाही, किस्सा सांगता येतो. बायको बाहेर एकटी, नोकरी गेलेली, शेजारी दार लावून घेतायत, आईचं आजारपण, हे सगळं त्या व्हॉलीबॉलच्या मागे आहे, पण ते सांगायचं म्हणजे रडायचं आणि रडलं की मग वीर कसले. बायकांच्या आठवणी वेगळ्या आहेत ते बघा. मृणाल गोरे बरेच महिने भूमिगत राहून मग पकडल्या गेल्या, त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकटं ठेवलं होतं आणि शेजारी कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण बायका. मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात, प्रमिला दंडवते येरवड्यात, नवराबायकोचा संसार सेन्सॉर झालेल्या पत्रांतून. बंगलोरलाच स्नेहलता रेड्डी, नाटक-सिनेमातली बाई, दम्याची पेशंट, जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडली आणि पाचच दिवसांत गेली. यात पिकनिक कुठे बसवायची?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा की ही सामूहिक आठवण वगैरे काही नाही, ही एका परिवाराची मालमत्ता आहे, त्यांनीच सत्तेत आल्यावर स्वतःला मानधन घेतलं, आणि त्यांच्याच सरसंघचालकांनी येरवड्यातून इंदिरा गांधींना पत्रं लिहिली होती. हेही खरं आहे. बाळासाहेब देवरसांची ऑगस्ट आणि नोव्हेंबर १९७५ ची पत्रं छापलेली आहेत, कोणालाही वाचता येतात, पहिल्यात १५ ऑगस्टच्या भाषणाचं कौतुक आहे, दुसऱ्यात निवडणूक खटला जिंकल्याबद्दल अभिनंदन आहे, आणि संघावरची बंदी उठवा ही विनंती आहे. पण एकदा हिशेब काढायचा ठरवला तर सगळ्यांचाच काढू की. विनोबा पवनारला बसून आणीबाणीला 'अनुशासन पर्व' म्हणाले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला, मार्क्सवाद्यांनी विरोध केला. शिवसेनाप्रमुखांनी पाठिंबा दिला, आणि आता त्यांचा वारसा सांगणारे दोन्हीकडे आहेत, त्यामुळे या विषयावर दोन्हीकडे कमालीची शांतता. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा म्हणाल्या तेव्हा स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर होते, केंद्रातले मंत्री, आणि मांडवात बसलेल्या शेकडो साहित्यिकांपैकी पुढे किती जण बोलले? बाईंना नंतर अटक झाली, संमेलनं मात्र पुढेही होत राहिली.

यातून 'सगळेच तसले' असा निष्कर्ष मला काढायचा नाहीये. मला म्हणायचंय की हीच तर साक्ष आहे आणि नेमकी हीच सत्काराच्या भाषणात कापली जाते. हमीपत्र लिहून बाहेर पडलेली माणसं होती, सगळ्या पक्षांत होती. बायकोचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि एक सही केली तर बाहेर पडता येतंय, अशा वेळी सही केली तर माणूस गद्दार होतो का? मला नाही वाटत. मला तर वाटतं राज्याची हिंसा कशी असते हे सही न करणाऱ्यापेक्षा सही करणारा जास्त चांगलं सांगू शकेल, कारण ती त्याच्यावर पूर्ण चालली. पण तो बोलणार नाही. शालवाल्यांना तो नकोय आणि शिव्या देणाऱ्यांनी त्याच्यासाठी 'माफीवीर' शब्द तयारच ठेवलाय. दोघांनी मिळून सगळ्यात महत्त्वाच्या साक्षीदाराचं तोंड बंद केलं.

आता तिसरा आक्षेप, ज्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि म्हणूनच हा लेख लिहितोय. आणीबाणीत सगळ्यात जास्त सोसलं ते स्थानबद्धांनी नाही. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचे आकडे आहेत, मिसाखाली जवळपास ३५ हजार, डीआयआर म्हणजे भारत संरक्षण नियम धरून एकूण १ लाख १० हजारांवर माणसं आत गेली. आणि त्याच आयोगाच्या अहवालात १९७६-७७ या एका वर्षात ८१ लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया आहेत, आणि शस्त्रक्रियेशी संबंधित १,७७४ मृत्यू आहेत. हे उत्तरेतलं प्रकरण म्हणून आपण झटकतो. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक चक्क मंजूर केलं होतं, देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य, राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून कायदा झाला नाही इतकंच. बार्शीला त्या वर्षीच्या जानेवारीत मोहीम निघाली, कोटा पुरा करायला रस्त्यावरून, बाजारातून माणसं गाडीत घालून नेली. बाजाराला आलेला शेतकरी, हातात पिशवी. तो कुठल्या संघर्ष समितीत होता? त्याची स्मरणिका कोणी छापली? त्याला मानधन का नाही असं विचारणारा एक माणूस मला दोन्ही बाजूंना दिसला नाही.

इथे मला सामूहिक आठवण या शब्दातली गोम दिसते. आठवण सामूहिक व्हायला आधी समूह लागतो, म्हणजे लेटरहेड, अध्यक्ष, चिटणीस, वर्षाचा मेळावा, आणि आठवण सांगताना मान ताठ राहील अशी गोष्ट लागते. स्थानबद्धांकडे हे सगळं होतं, ते आधीपासून संघटनांचे लोक होते. नसबंदी झालेल्या माणसाकडे काय होतं? लाज. त्याने घरातसुद्धा सांगितलं नसेल. कालिकतच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला राजन, १ मार्च १९७६ ला पोलिसांनी होस्टेलमधून उचलला, कक्कयमच्या कॅम्पमध्ये छळात मेला, त्याचं प्रेतही कधी मिळालं नाही, त्याची आठवण राहिली कारण बाप हट्टी होता, ईचर वारियर, हिंदीचे प्राध्यापक, आणीबाणी उठल्यावर कोर्टात गेले आणि मुख्यमंत्री करुणाकरनना राजीनामा द्यावा लागला. एक बाप म्हणजे समूह नाही, पण त्याने समूहाचं काम केलं. आणि आपल्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबादचे भूमय्या आणि किष्टा गौड, दोघे शेतकरी, नक्षलवादी म्हणून फाशीची शिक्षा झालेले, १ डिसेंबर १९७५ ला म्हणजे ऐन आणीबाणीत त्यांना फाशी दिली. २५ जूनच्या कार्यक्रमात त्यांचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही, आणि ऐकू येईल असं वाटतही नाही, कारण ते 'आपल्यातले' नव्हते.

कोणी म्हणेल, ठीक आहे, पण पन्नास वर्षांनी म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करून काय मिळणार, माणूस फुगवून सांगतो, तारखा चुकतात, जो तीन दिवस आत होता तो तीन महिने सांगतो. खरंय. पैसे जोडले की तर जास्तच. मराठवाड्यातल्या वाचकांना बीड जिल्ह्यातलं बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण आठवत असेल, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्यात खोट्यांचं जे व्हायचं ते झालं, पण निजामाच्या विरोधात खरोखर लढलेल्या म्हाताऱ्याकडेही लोक संशयाने बघायला लागले त्याची भरपाई कोणी केली? पेन्शनची फाईल आठवणीला एकच प्रश्न विचारते, किती दिवस आत होतात. उत्तर आकड्यात हवं असतं. मग माणूसही आपलं आयुष्य आकड्यात सांगायला शिकतो. म्हणून तर मी म्हणतोय की मानधनाची फाईल वेगळी ठेवा आणि साक्ष वेगळी घ्या. बाकी चुकीच्या तारखांचं म्हणाल तर सरकारी कागद तरी कुठे सोवळे आहेत? त्या काळातले पेपर सेन्सॉर झालेले. शाह आयोगाचा अहवाल १९७८ मध्ये आला आणि १९८० नंतर त्याच्या प्रती अशा गायब झाल्या की एरा सेझियन या माजी खासदारांनी २०१० मध्ये स्वतःकडची प्रत परत छापली तेव्हा कुठे लोकांना वाचायला मिळाला. सरकारचाच आयोग, सरकारचाच अहवाल. मग विसरभोळं कोण, काका की सरकार?

दुसऱ्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. चिलीत हुकूमशहा पिनोशेच्या काळातल्या कैद्यांसाठी आयोग नेमला, २००४ च्या अहवालात २७ हजारांवर माणसांना राजकीय कैदी आणि छळाचे बळी म्हणून मान्यता दिली, हजाराहून जास्त छळाच्या जागांची यादी केली, पोलीस चौक्या, जहाजं, स्टेडियम, शाळा. पेन्शनही दिली. पण सगळ्या जबान्या पन्नास वर्षं कुलूपबंद ठेवायचा कायदा केला, आणि त्याच माजी कैद्यांपैकी कित्येक जण भांडले की आमची जबानी आमची आहे, उघडा. म्हणजे पैसे घेऊन गप्प बसायला ते तयार नव्हते. आणि एवढं लांब कशाला, आपलं सेल्युलर जेल बघा. स्वातंत्र्यानंतर ते पाडायला घेतलं होतं, सात विंगपैकी आज तीन उभ्या आहेत, आणि त्या उभ्या आहेत त्याला मोठं कारण म्हणजे तिथे राहून आलेले माजी राजकीय कैदी, बहुतेक बंगाली, संघटना करून सरकारच्या मागे लागले की ही भिंत राहिली पाहिजे. ११ फेब्रुवारी १९७९ ला ते राष्ट्रीय स्मारक झालं, मोरारजी देसाईंच्या हस्ते, जे स्वतः दोनच वर्षांपूर्वी स्थानबद्धतेतून सुटले होते. त्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या शालीसाठी जेवढा आग्रह धरला नसेल तेवढा त्या भिंतीसाठी धरला. येरवड्यात कुठल्या बराकीत कोण होतं आणि बाजूच्या सर्कलमध्ये साध्या कैद्यांचं काय चाललं होतं, याचा नकाशा काढा अशी मागणी आपल्याकडच्या किती बंदींनी केलीय?

शेवटचा मुद्दा जरा टोचेल. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणीबाणीच्या बंदींचं मानधन दुप्पट केलं. त्यानंतर महिना व्हायच्या आत, जुलैमध्ये, विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, ज्यात सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचे भलेमोठे अधिकार आहेत. मला समजतं, दोन्ही गोष्टी एक नाहीत, आज कोर्टं चालू आहेत, पेपर निघतात, मी हे लिहू शकतोय, आणि नक्षलवाद हा काही कोणी कल्पनेतून काढलेला प्रश्न नाही, गडचिरोलीतल्या माणसाला विचारा. हे सगळं मान्य. पण ज्याने खटल्याशिवाय चौदा महिने काढले त्याला खटल्याशिवाय पाच-सहा वर्षं तळोज्याच्या तुरुंगात काढणाऱ्या माणसाबद्दल काहीच वाटू नये? एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, पार्किन्सन्समुळे हातात ग्लास धरता येत नव्हता, पाणी प्यायला स्ट्रॉ मागावी लागली, ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच गेले. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हे कोर्टात ठरलंच नाही. मिसाबंदींपैकी काही थोडे यावर बोलले, जुने समाजवादी बहुतेक. बाकीच्यांचं म्हणणं असतं की आमची गोष्ट वेगळी, आम्ही देशभक्त होतो. पण १९७५ मध्ये इंदिराबाई यांनाच देशाला धोका म्हणत होत्या ना? तेव्हा तो शिक्का खोटा होता हे यांना स्वतःच्या अंगावरून माहीत आहे, आणि तेवढंच तर माहीत असायला हवं होतं.

गेल्या दिवाळीत मी काकांकडे गेलो आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. पहिला तासभर व्हॉलीबॉल, उपमा, कांदा. मी सगळं पाठ असल्यासारखा हसत होतो. मग सहज विचारलं की येरवड्याला नेण्याआधी तुम्हाला कुठे ठेवलं होतं. म्हणाले, गावातल्या पोलीस स्टेशनात, दोन रात्री, आम्हाला कोणी बोट लावलं नाही हां, साहेब म्हणायचे. मग जरा थांबले. शेजारच्या खोलीत एक पोरगं होतं, म्हणाले, सायकल चोरीचं की कसलं, पारध्याचं असावं, रात्रभर मारत होते, पहाटे आवाज बंद झाला. मी विचारलं मग त्याचं काय झालं, तुम्ही कोणाला विचारलंत का, नाव काय होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज आहे. मग म्हणाले, आम्ही तेव्हा घोषणांची तयारी करत होतो रे, सकाळी कोर्टात नेणार होते. आणि मोबाईलकडे बोट करून, ते बंद कर आता.